कंदर म्हणजे काय? : तोरणमाळच्या दऱ्यांतील पदयात्रेच्या निमित्ताने

ध्यानसाधनेस अनुकूल अशा स्थळांची एक ठरलेली यादी पालि सुत्तांमध्ये वारंवार येते. अरण्य, वृक्षमूल, पर्वत, कंदर, गिरिगुहा, स्मशान अशी ती पुढे जाते. ही यादी शिकविताना 'कंदर' या शब्दापाशी आम्ही कधी फारसे थांबलो नव्हतो. मराठीत 'गिरिकंदर', 'कंदरा' हे शब्द गुहेच्या अर्थाने रूढ आहेत. म्हणून कंदर म्हणजे गुहा, असे सांगून आम्ही पुढे जात असू. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, लगेच पुढे गिरिगुहा आहेच, मग एकाच वस्तूची दोन नावे कशासाठी?" पर्यायी शब्दांची पुनरुक्ती हा पालि शैलीचा विशेष आहे, असे उत्तर आम्ही दिले. ते उत्तर चुकीचे होते, हे आम्हांस गेल्या हिवाळ्यात तोरणमाळच्या दऱ्यांत उतरल्यावर कळले. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे.

तोरणमाळचे पठार

तोरणमाळ हे सातपुड्यातील सुमारे १,१५० मीटर उंचीचे पठार आहे. ते पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने वळणावळणाचा घाट चढून तेथे पोहोचता येते. पठारावर यशवंत तलाव आहे, गोरखनाथांचे मंदिर आहे आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. सातपुडा ही नर्मदा व तापी या दोन नद्यांमधील जलविभाजक रांग आहे. त्यामुळे या डोंगरांच्या उत्तर उतारावरचे पाणी नर्मदेकडे आणि दक्षिण उतारावरचे तापीकडे जाते. दोन्ही अंगांनी पाण्याने डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या आहेत. त्यांपैकी सीताखाई ही सर्वांत प्रसिद्ध. तिच्या काठावर उभे राहिले की सपाट वाटणारी जमीन एकाएकी संपते आणि काळ्या पाषाणाचे उभे कडे खाली झाडीत बुडालेले दिसतात.

सीताखाई आम्ही काठावरूनच पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे एका पावरा गृहस्थांच्या सोबतीने जवळच्याच एका लहान ओढ्याच्या दरीत उतरलो. उतरताना आमच्यातील एकाने विचारले, "काका, गुहा अजून किती लांब आहे?" ते हसून म्हणाले, "गुहा नाही गुरुजी, ही पाण्याची वाट आहे. पाण्यानेच डोंगर फाडला आहे."

पाणी डोंगर कसा चिरते

काकांचे म्हणणे भूशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ आहे. दख्खनचा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. हे सर्व थर सारखे नाहीत. काही घट्ट व कठीण आहेत, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. घट्ट थर थंड होताना आकसले व त्यांत उभ्या भेगा पडल्या. पाणी या भेगांत शिरते. खालचा ठिसूळ थर झिजला की वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि भेगांच्या रेषेत मोठे ठोकळे निखळून पडतात. म्हणूनच आपल्याकडील दऱ्यांचे कडे सरळ तुटलेले असतात, उतार पायऱ्यांसारखा असतो आणि तळाशी घराएवढ्या शिळांची रास असते. दरीतून चालणे म्हणजे बहुतांशी या शिळांवरून चालणे होय. पात्रात ठिकठिकाणी रांजणासारखे गोल खळगे दिसतात. प्रवाहात अडकलेले गोटे गरगर फिरून ते कोरतात.

वर पठारावर साग, सालई, मोह यांची पाने गळू लागली होती. खाली मात्र सावली व ओल टिकून असल्याने झाडी दाट व हिरवी होती. दोन तास उतरल्यावर एका वळणावर बारीक वाळूचा लहानसा पट्टा लागला. शेजारी स्वच्छ पाण्याचा डोह आणि माथ्यावर दोन्ही काठांच्या झाडांचे छत. तेथे बसलो असता, अनेकदा वाचलेला पण मनावर न घेतलेला एक उतारा आठवला.

अट्ठकथेतील कंदर

दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तावर आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या सुमंगलविलासिनी या पाचव्या शतकातील अट्ठकथेत 'कंदर' शब्दाचे स्पष्टीकरण आहे. 'कं' म्हणजे पाणी. पाण्याने चिरलेला डोंगराचा भाग तो कंदर. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नाही, म्हणून आम्ही ती शब्दांचा खेळ समजून सोडून दिली होती. परंतु व्युत्पत्ती चुकली तरी वर्णन चुकलेले नाही. अट्ठकथाकार पुढे सांगतात की तेथे रुप्याच्या पत्र्यासारखी वाळू असते, वर रानाचे छत असते व रत्नासारखे निर्मळ पाणी वाहते. साधक तेथे उतरतो, पाणी पितो, अंग थंड करतो, वाळूचा उंचवटा करून त्यावर पांसुकूल चीवर अंथरून बसतो आणि त्याचे चित्त एकाग्र होते. वाचकांनी 'उतरतो' या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. गुहेत आपण शिरतो. उतरतो ते दरीत. गिरिगुहेची व्याख्या तेथेच वेगळी दिली आहे: दोन पर्वतांमधील फट, किंवा एकाच पर्वतातील भुयारासारखे मोठे विवर. तेव्हा यादीत पुनरुक्ती नाही. कंदर म्हणजे आपली घळ किंवा खाई.

हा भेद महाराष्ट्रातील बौद्धांना परका नसावा. अजिंठ्याला वाघोरा नदीने डोंगर चिरून नालाच्या आकाराची जी दरी केली आहे, ती कंदर. तिच्या कड्यात माणसांनी खोदले ते लेणे. हा शब्दही 'लेण' या रूपात पालिमध्ये आहे. तोरणमाळला अजिंठ्यासारखी बौद्ध लेणी नाहीत. तेथे नागार्जुनाच्या नावाचे एक स्थान दाखविले जाते. ते नाव ऐकताच आचार्य नागार्जुनांशी नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु नाथ व सिद्ध परंपरांतही हे नाव आहे. केवळ नावावरून स्थळ आपले म्हणणे हा अभ्यास नव्हे.

चालण्याची शिस्त

दरीत चालणाऱ्याने काही नियम पाळणे आवश्यक आहे. पावसाळ्यात पात्रात उतरू नये. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी वर पठारावर पाऊस झाल्यास अरुंद दरीत लोंढा अल्पावधीत येतो आणि उभ्या कड्यांमुळे बाजूला होण्यास जागा नसते. शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात. खाली धूर करू नये. दिवस मावळण्यापूर्वी वर यावे आणि स्थानिक माणसाचे ऐकावे. विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाचे कारण दिले आहे. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, लहान जिवांची हिंसा होते, अशी लोकांची तक्रार होती. आज त्या कारणांत स्वतःच्या जिवाच्या रक्षणाचीही भर घालता येईल.

सतिपट्ठान सुत्तात पुढे जाताना, मागे येताना, पाहताना जागरूक राहण्यास सांगितले आहे. शिळांवरून चालताना ही जागरूकता ऐच्छिक राहत नाही. मन भरकटले की पाय घसरतो.

निर्जन कोणासाठी?

वाळूवर बसलो असता आमच्यातील एकजण म्हणाला, "किती निर्जन जागा आहे!" काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या तीन स्त्रिया त्याच शिळांवरून, आम्ही हात टेकीत उतरलो होतो त्या वाटेने, अनवाणी वर गेल्या. ज्या वाटेला आम्ही पदयात्रा म्हणत होतो, तो त्यांचा रोजचा रस्ता होता. पावरा व भिल्ल समाज या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. तरी त्यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले. माणसे असतानाही जागा रिकामी दिसावी, हा दृष्टिदोष कोणता, हे आम्हांस शिकविण्याची गरज नव्हती. गावात राहूनही ज्यांना गावाने मोजले नाही, त्यांची आम्ही मुले आहोत. तरीही तो शब्द आमच्याच तोंडून निघाला.

त्या विद्यार्थिनीस आम्ही पत्राने कळविले आहे की तिची शंका योग्य होती. वाचकांपैकी कोणी तोरणमाळला गेल्यास अवश्य दरीत उतरावे. मात्र उतरण्यापूर्वी त्या वाटेवरून रोज चालणाऱ्यास वाट विचारावी, आणि त्याचे नावही विचारावे.