डावा रेणू, उजवा रेणू

पुदिना आणि बाळंतशेप यांचे वास भिन्न. तरी दोन्हींत कार्व्होन हेच द्रव्य असते. भेद एवढाच, की त्यांचे रेणू डाव्या-उजव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे होत. औषधांतही एक रूप गुणकारी, तर दुसरे अपायकारक ठरू शकते. अंबरपेठेजवळ, तार्नाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत औषधांवर संशोधन चालते; तेथेही हा भेद जाणावाच लागतो.

१९९९ साली रॉन नामान व सहकाऱ्यांना आढळले, की अशा एकाच हाताच्या रेणूंच्या थरातून एका दिशेच्या फिरकीचे इलेक्ट्रॉन अधिक सुलभतेने पार होतात. २०१८ साली याच गुणाच्या आधारे चुंबकित पृष्ठभागावर डावे-उजवे रेणू निवडता आले. चुंबकाची दिशा उलटताच निवडही उलटली. ही रीत कारखान्यात उतरली, तर रोग्याला शुद्ध औषध मिळणे सुकर होईल.