डिस्क-निरीक्षण आणि रेड-नियंत्रक : परस्परविरोधी निदानांची मीमांसा

सर्व्हरमधील एखादी डिस्क रेड-नियंत्रकाच्या मते निर्दोष, परंतु स्मार्ट या निरीक्षणपद्धतीच्या मते सदोष ठरावी, अथवा याच्या नेमके उलट घडावे, असा प्रसंग पुष्कळदा उद्भवतो. अशा वेळी दोहोंपैकी एक साक्ष खोटी मानून ती बाजूस सारण्याकडे कल असतो. वस्तुतः ही दोन साधने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसून दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे देत असतात.

स्मार्ट ही डिस्कने स्वतःची ठेवलेली नोंदवही होय. बदली जागी हलविलेले सेक्टर (गुणक ५) व वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर (गुणक १९७) तीत नमूद होतात. याउलट, पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रेड-कल्पनेवर आधारलेला नियंत्रक मुख्यतः एवढेच पाहतो की, आज्ञेला उत्तर मिळते काय आणि ते वेळेत मिळते काय. सदोष सेक्टर वाचण्याचा प्रसंग येईपर्यंत नियंत्रकास त्याची वार्ताही नसते.

विरोधाचे पहिले कारण दृश्यतेचे आहे. नियंत्रक अनेक डिस्क मिळून एकच तार्किक डिस्क कार्यप्रणालीपुढे ठेवतो; तिच्याकडून प्रत्यक्ष डिस्कांची प्रकृती कळत नाही. यास्तव स्मार्टमॉनटूल्ससारख्या साधनास नियंत्रकाचा प्रकार, उदाहरणार्थ मेगारेड किंवा थ्रीवेअर, आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो. हा क्रमांक खाचेच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही. म्हणून ओळख अनुक्रमांकावरूनच पटवावी.

दुसरे कारण काळाचे आहे. घरगुती वापराची डिस्क एखादा सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभरही झटत राहू शकते. तेवढा धीर नसलेला नियंत्रक तिला मृत समजून संचाबाहेर काढतो. आणि तीच डिस्क स्वतंत्रपणे तपासली असता कार्यक्षम आढळते. सर्व्हरसाठी बनविलेल्या डिस्क सामान्यतः सुमारे ७ सेकंदांत प्रयत्न सोडून दोष कळवितात. लिनक्समध्ये आज्ञेची मूळ कालमर्यादा ३० सेकंद असते. डिस्कची मर्यादा नेहमी या मर्यादेहून कमी असली पाहिजे.

स्मार्टच्या अनुकूल निर्वाळ्यावरही विसंबता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान वगळता, कोणत्याही गुणकात पूर्वसूचना दिली नव्हती. तात्पर्य, स्मार्टचा इशारा अर्थपूर्ण असतो, त्याचे मौन मात्र नव्हे.

यावरून कार्यपद्धती निश्चित होते. प्रथम माहितीची स्वतंत्र प्रत सुरक्षित असल्याची खात्री करावी. मग सदोष भासणाऱ्या डिस्कचीच नव्हे, तर संचातील सर्व डिस्कांची नोंद तपासावी. कारण रेड ५ मध्ये एक डिस्क काढल्यावर संचाची अतिरिक्तता संपते. पुनर्रचनेच्या वेळी दुसऱ्या डिस्कवरील एखादाही सेक्टर वाचता न आल्यास तेथील माहिती संचातून परत मिळत नाही, आणि काही नियंत्रक तर पुनर्रचनाच थांबवितात. असे सुप्त दोष आधीच उघडकीस यावेत म्हणून संपूर्ण संचाचे नियतकालिक वाचन आवश्यक ठरते. दोन साक्षींत मतभेद असता, धोका सांगणारी साक्ष खोटी सिद्ध होईपर्यंत खरी मानणे हेच श्रेयस्कर होय.