एकांडा शिलेदार व जपानी रोनिन

सोलापुराहून हैदराबादेकडे जातांना नळदुर्गाच्या अलीकडें अणदूर लागतें. तेथील खंडोबा सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें निराळ्याच मंडळींचा विचार कर्तव्य आहे. इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोनें सोलापूर घेतलें व तेथील पेशव्यांची फौज मोडली. ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला; त्यास सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक मिळाली. धन्याची सोय लागली. फौजेंतील शिलेदारांचें काय? अणदूर तेव्हां निजामाच्या अमलांत. सोलापुराकडून निघालेल्या स्वारास परमुलूख जवळच होता.

जपानांत धनी गमावलेल्या सामुराईस रोनिन, म्हणजे लाटेसारखा भटकणारा, म्हणत. अको येथील आसानो यास १७०१ त पोट चिरून मरण्याची शिक्षा झाली. त्याच्या रोनिनांनीं १७०३ च्या आरंभीं सूड उगविला. त्यावरील १७४८ चें ‘चुशिंगुरा’ नाटक आजही रंगभूमीवर येतें, चित्रपटही निघाले.

आमच्याकडे त्यास जवळचा शब्द एकांडा. बारगीर पागेच्या घोड्यावर बसे. शिलेदाराचें घोडें स्वतःचें. आणि कोणाच्या पथकांत न मोडतां एकटाच चाकरीस राही तो एकांडा. ‘एकांडा शिलेदार’ हा प्रयोग अद्याप सर्वांच्या तोंडीं आहे, पण मूळचा माणूस विस्मृतींत गेला.

भेद घोड्यांत आहे. तरवार म्यानांत घालून ठेवली तर कांहीं खात नाहीं. घोड्यास रोज दाणावैरण लागते. चाकरी गेली कीं शिलेदारानें घोडें विकावें, नवा धनी गांठावा, नाहीं तर लुटीस निघावें. पेंढाऱ्यांस तर पगारच नसे, लूट हीच मिळकत. तेही १८१७-१८ च्या मोहिमेंत मोडले. अकोच्या रोनिनांप्रमाणें पावणेदोन वर्षें दबा धरणें आमच्या स्वारास परवडणारें नव्हतें. त्याच्या निष्ठेस दोष देणाऱ्यांनीं आधीं दाण्याचा हिशेब मांडावा.

संग्राहकांस विनंति ही कीं, या टापूंतील दप्तरें पाहतांना सनदा व मोहोरा यांवरच दृष्टि खिळूं नये. घोड्याचा रंग व खुणा टिपलेली हजिरी, नालबंदीची आगाऊ रक्कम, वैरणीची उधारी, घोडें विकल्याचा कागद, यांवर मोठें नांव नसतें, म्हणून ते आधीं रद्दींत जातात. १८१८ च्या मागचे-पुढचे असे कागद दिसल्यास तो रुमाल हातचा जाऊं देऊं नये. एकच नांव आधीं हजिरींत व पुढें शेतसाऱ्याच्या पावतींत सांपडलें, तर घोडें गेलें केव्हां आणि नांगर आला केव्हां, तें कळेल.