बीपीची गोळी आणि सुजलेले घोटे

बीपीच्या गोळ्यांचा विषय निघाला की मला परळ आठवतं. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि आपल्याकडची ही मुळी जगभर पोचली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं. त्याने दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काही रुग्ण खोल उदासीत जायचे. पुढे नवी औषधं आली आणि ते मागे पडलं.

आज लालबाग-दादरच्या कितीतरी घरांत त्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी असते. औषध चांगलंच आहे, हे आधी सांगते. पण घोट्यांकडे लक्ष ठेवा. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, बोटाने दाबलं की खळगा राहतो. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तितक्या नाही. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात, त्याने फरक पडतो. डोकेदुखी, धडधड, चेहरा लाल होणं हेही दिसतं. क्वचित हिरड्या सुजतात, तेव्हा दंतवैद्यांना गोळीचं नाव जरूर सांगा.

सूज हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासानेही येते. एकच पाय सुजला किंवा दम लागला तर लगेच दाखवा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या, तिच्यावर नाव आणि डोस छापलेला असतो.