४१ दिवसांचे स्वामी

नोव्हेंबरच्या मध्यापासून मुंबईच्या लोकलमध्ये काळी लुंगी नेसलेले, दाढी वाढवलेले, अनवाणी पुरुष दिसू लागतात. गळ्यात तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ. केरळातल्या शबरीमलाच्या देवळाकडे निघण्याआधीचं हे तिथल्या अय्यप्पा या देवाचं व्रत, रीतीप्रमाणे ४१ दिवसांचं. मांस-मच्छी, दारू, तंबाखू बंद. ब्रह्मचर्य पाळायचं, जमिनीवर झोपायचं आणि (हे सगळ्यात अवघड) कुणावर रागवायचं नाही. एरवी रोजची संध्याकाळ गुत्त्यावर काढणारेही या दिवसांत थेंबाला शिवत नाहीत. असं काय आहे त्या काळ्या कापडात?

गुरुस्वामी (म्हणजे जुना, अनुभवी यात्रेकरू) किंवा पुजारी माळ घालतो आणि त्या क्षणापासून माणसाची हाक बदलते. तो रिक्षावाला असो की बँकेतला साहेब, आता तो ‘स्वामी’. समोरच्या व्रतस्थालाही तो स्वामीच म्हणतो. दिवसभर कानावर ही हाक पडत असताना तोंडातून शिवी निघणं जड जातं. चुकून पाय गुत्त्याकडे वळलेच, तर दारातल्या दारात कुणीतरी हटकतंच. मी थक्क होतो ते इथे: संयमाचं अर्धं ओझं बघणारी माणसं उचलतात! आपल्या माळकऱ्यांच्या घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की मटणाचा रस्सा घरचेच वाढत नाहीत.

मग साध्या धार्मिक पेहरावाने माणूस चांगला होतो, असं म्हणायचं का? १९७९ साली अमेरिकेत रॉबर्ट जॉन्सन आणि लेस्ली डाउनिंग यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना त्यांनी कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या झग्यांसारखे झगे दिले, काहींना नर्सचा गणवेश. चुकणाऱ्या माणसाला विजेचा झटका वाढवून द्यायचा की कमी करून, हे या मुलींनी ठरवायचं होतं. (झटका खरोखर कुणालाच बसत नव्हता.) झगेवाल्यांनी तो वाढवला, नर्सच्या वेशातल्या मुलींनी कमी केला. निम्म्या मुलींच्या अंगावर नावाची पट्टीही नव्हती. निनावी माणूस बेफाम होतो असं आपण धरून चालतो. पण नाव नसलेल्या ‘नर्स’ तर आणखी मवाळ झाल्या. ज्या कामाशी कपडा जोडलेला, त्या कामाकडे तो माणसाला ओढतो, मग ते सेवेचं असो की द्वेषाचं.

म्हणूनच नुसत्या कपड्यावर मी विश्वास टाकणार नाही. भगव्याला आपोआप मिळणाऱ्या आदरावरच भोंदू पोसले जातात. आणि सक्ती आली की सगळंच उलटतं. २०२२ मध्ये इराणच्या नैतिकता पोलिसांनी हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा अमिनी अवघी २२ वर्षांची होती. त्यांच्या ताब्यात असताना ती कोसळली आणि मग तिचा मृत्यू झाला. तिच्या जिवापेक्षा डोक्यावरचं कापड ज्यांना मोठं वाटलं, त्यांच्यात कसला चांगुलपणा आला?

अय्यप्पाच्या व्रतात माळ ज्याची तो आपणहून मागून घेतो. शबरीमलाच्या १८ पायऱ्या चढायला नुसती काळी लुंगी चालत नाही. डोक्यावर इरुमुडी, म्हणजे नैवेद्याची दोन कप्प्यांची गाठोडी, लागतेच. त्यातल्या नारळात भरलेलं तूप अभिषेकाला जातं, नारळ होमात. घरी आल्यावर माळ उतरते आणि स्वामी ही हाक थांबते. त्यानंतर काही जण त्याच आठवड्यात गुत्त्यावर दिसतात. काही जण सुटलेली दारू पुन्हा धरत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा माळ मागायला येतात.