रामेश्वरी सहकुटुंब

महाशिवरात्र जवळ आली की रामेश्वरयात्रेचे बेत घरोघर सुरू होतात. आजी-आजोबांना ज्योतिर्लिंगाची ओढ, नातवंडांना वाळूत किल्ले बांधण्याची. आणि मग यात्रा की सहल, असा वाद उभा राहतो. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. रामेश्वर हे मुळात बेटच, आणि तेथील विधीचा आरंभच समुद्रस्नानाने होतो!

अग्नितीर्थाचा सागर बहुधा शांत असतो; मुलांना हात धरून तेथे मनसोक्त डुंबू द्यावे. पुढे मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नान. ओलेत्याने गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून प्रत्येकाचे कोरडे वस्त्र बरोबर हवे.

धनुष्कोडीची गोष्ट निराळी. तेथे पाण्याला विलक्षण ओढ. काठावरून दर्शन घ्यावे, स्नानाचा हट्ट धरू नये. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने ते गाव उद्ध्वस्त झाले, प्रवाशांसह आगगाडी समुद्राने गिळली. तेथील भग्न भिंतींपाशी हे मुलांना अवश्य सांगावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे पावसाळा. जानेवारी ते मार्च उत्तम. मात्र वृद्ध आणि बालके बरोबर असता ऐन शिवरात्रीची गर्दी टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सन २०२५ च्या रामनवमीस पांबनचा नवा रेल्वेपूल खुला झाल्याने आगगाडी पुन्हा बेटावर जाते.

सेतूची वाळू प्रयागी त्रिवेणीत सोडावी आणि गंगाजल रामेश्वरास वाहावे, ही जुनी परंपरा. ती मूठभर वाळू भरून घेण्याचे काम नातवंडांकडे सोपवावे.