बिनकेसाचे मांजर : हौस, हिशेब आणि आपला कारागीर

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मांजर ही काही नवी गोष्ट नाही. किराणा दुकान असो, धान्याची आडत असो की आमच्यासारख्यांचे कापडाचे गोदाम असो, मांजर पूर्वीपासून आहेच. गोदामात उंदीर शिरला तर तागेच्या तागे कुरतडले जातात, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. मांजर आपला खर्च आपणच वसूल करून देत असे.

आता मात्र मांजर पाळण्याचा प्रकार बदलला आहे. लांब केसांची पर्शियन मांजरे घराघरांत आली. त्यापुढची पायरी म्हणजे अंगावर केसच नसलेले ‘स्फिंक्स’ जातीचे मांजर. आखाती देशांत नोकरी करणारे नातेवाईक फोटो पाठवतात आणि इकडे तरुण मुले विचारू लागतात की, एक जोडी आणून पिल्ले विकली तर धंदा कसा होईल? काहींनी तर कारखान्याचे यंत्र किंवा शिलाई मशीन घेण्यासाठी जमवलेली रक्कम यात घालण्याचा विचार बोलून दाखवला. म्हणून या जनावराची निगा, त्याचा खर्च आणि त्यातून आपल्या कारागिराला खरोखर काय मिळू शकते, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

हे मांजर आहे तरी काय?

१९६६ साली कॅनडातील टोरँटो येथे एका साध्या मांजरीला बिनकेसाचे पिल्लू झाले. तेथून या जातीची गोष्ट सुरू होते. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आणि १९७८ मध्ये पुन्हा टोरँटोत अशी पिल्ले सापडली आणि आजची स्फिंक्स जात मुख्यतः त्यांच्यापासून वाढली. इजिप्तशी तिचा संबंध फक्त नावापुरता आहे. रशियातही १९८७ च्या सुमारास रोस्तोव शहरात ‘दोन्स्कोय’ नावाची दुसरी बिनकेसाची जात निघाली.

या मांजराला अगदीच केस नसतात असे नाही. अंगावर बारीक लव असते. हात फिरवला तर धुतलेल्या मखमलीसारखा स्पर्श लागतो. मिशा मात्र तुटक्या असतात किंवा नसतातच. अंग हाताला गरम लागते, पण तो ताप नव्हे. आपल्या आणि त्याच्या कातडीमध्ये केसांचा थर नसल्यामुळे उष्णता सरळ हाताला जाणवते. हीच उष्णता बाहेर निघून जात असल्याने त्याला साध्या मांजरापेक्षा जास्त खावे लागते.

“केस नाहीत म्हणजे दम्याच्या किंवा अॅलर्जीच्या माणसाला चालेल” असे विक्रेते सांगतात. हे खरे नाही. अॅलर्जी करणारा पदार्थ मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींत असतो. तो बिनकेसाच्या मांजरातही असतोच.

निगा : रोजचे काम

साध्या मांजराच्या कातडीतून निघणारे तेल केसांवर पसरते. येथे केस नाहीत, त्यामुळे तेल कातडीवरच साचते. ते गादीला, चादरीला, सोफ्याला लागते आणि तपकिरी डाग पडतात. म्हणून साधारण आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने, मांजरासाठीच्या सौम्य शाम्पूने आंघोळ घालावी लागते व लगेच कोरडे करावे लागते. माणसाचा साबण चालत नाही. कानात काळसर मळ लवकर साचतो, तो डॉक्टरने दिलेल्या औषधाने आणि कापसाने पुसावा, काडी आत घालू नये. नखांच्या मुळाशीही तेल साचते, तेथेही लक्ष द्यावे लागते. ज्या शहरात घरोघरी टाक्या भरून पाणी पुरवून वापरण्याची सवय आहे, तेथे आठवड्याची ही आंघोळ हासुद्धा एक खर्चच समजावा.

दुसरी गोष्ट हवामानाची. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगलीच थंडी पडते. बिनकेसाच्या मांजराला दोन्ही बाधतात. उन्हात त्याची कातडी भाजते, म्हणून गच्चीवर किंवा अंगणात मोकळे सोडता येत नाही. माणसाची सनस्क्रीन क्रीम लावू नये, कारण ते अंग चाटते आणि त्यातील काही घटक मांजराला विषारी असतात. थंडीत उबदार अंथरूण लागते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने या मांजराचा विचार न केलेलाच बरा.

खाण्याबाबतही आपल्याकडे गैरसमज आहेत. दूध-पोळीवर मांजर जगते असे आपण समजतो, पण मांजर हे मूळचे मांसाहारी जनावर आहे. त्याला टॉरिन नावाचा घटक अन्नातून मिळावाच लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचतही नाही. औषधांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या पिसवांवरील परमेथ्रिनचे औषधही मांजराला घातक असते.

हृदयाचा आजार आणि आयुष्य

या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो. वरून मांजर चांगले दिसते आणि एक दिवस अचानक मरते. त्याची खात्रीची तपासणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लहान प्राण्यांची अशी तपासणी करणारा डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात मिळेलच असे नाही. प्रसंगी मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा पुण्यापर्यंत जावे लागते. जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस हेही हिशेबात धरावे लागते.

२०२४ साली ब्रिटनमधील मांजरांच्या आयुर्मानाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्व मांजरांचे सरासरी आयुर्मान पावणेबारा वर्षांच्या आसपास निघाले, तर स्फिंक्स जातीचे पावणेसात वर्षांच्या आत. अभ्यासातील सर्व जातींत ते सर्वात कमी होते. नेदरलँड्सच्या सरकारने तर १ जानेवारी २०२६ पासून बिनकेसाची नवी मांजरे पाळण्यास बंदी घातली आहे, आधीची नोंद असलेली तेवढी राहू शकतात. मिशा नसणे, उन्हाचा व थंडीचा त्रास ही कारणे तेथे दिली गेली. जी वस्तू एका देशात बंद होते, तिची जाहिरात दुसऱ्या देशात अधिक जोराने होते, हे आपण व्यापारी लोक चांगले ओळखतो.

खर्चाचा हिशेब

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे कोंबडीही चार आण्याची नाही, तिची किंमत लाखाच्या घरात सांगितली जाते. नमुन्यादाखल आकडे धरू. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव त्या जागी घालावेत.

समजा, महिन्याला खाण्याचे २,५०० रुपये, मातीचे (म्हणजे शौचाच्या वाळूचे) १,०००, शाम्पू, कानाचे औषध व कापूस ५००, आणि लस, जंताचे औषध, डॉक्टर यांचा वर्षाचा खर्च वाटून १,००० रुपये. एकूण ५,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ६०,०००. सात वर्षे जगले तर ४ लाख २० हजार. यात खरेदीची रक्कम नाही, उन्हाळ्यात कूलर किंवा एसीचे बिल नाही, नसबंदीची शस्त्रक्रिया नाही आणि मोठे आजारपणही नाही. ही एका जनावराची गोष्ट झाली. जोडी ठेवली तर दुप्पट.

जोडी आणून पिल्ले विकणे

स्फिंक्सचा बिनकेसाचा गुण आई-बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे एक नर आणून आपल्या देशी मांजरीशी जोडला, तर पहिल्या पिढीची सर्व पिल्ले केसाळच होतात. पुढे अशा दोन केसाळ पिल्लांची जोडी लावली, तर साधारण चारात एक बिनकेसाचे निघेल. म्हणजे आधी शुद्ध जोडी पाहिजे, ती निरोगी पाहिजे, दोघांच्या हृदयाची तपासणी झालेली पाहिजे आणि दोघे एकमेकांच्या नात्यातील नसावेत. इतके करून पिल्ले झाली तरी ती लस टोचून, निदान दोन-तीन महिने सांभाळून मगच देता येतात. त्या काळात दोन पिल्ले गेली तर नफा गेला.

कायद्याची बाजूही आहे. २०१८ च्या केंद्र सरकारच्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय असे दुकान चालवता येत नाही. परदेशातून विक्रीसाठी जनावर आणणे म्हणजे केवळ विमानाच्या तिकिटाचा प्रश्न नाही, त्यासाठी परवाना व पशुरोग तपासणी केंद्राची मंजुरी लागते.

फसवणुकीपासूनही सावध राहावे. २०१६ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात साध्या मांजरांच्या पिल्लांचे केस काढून ती स्फिंक्स म्हणून विकल्याचे प्रकार उघडकीस आले होते. काही दिवसांत केस उगवले आणि भांडे फुटले. कापड जसे उजेडात, उलट-सुलट करून पाहतो, तसेच येथेही करावे. कातडीवर वस्तऱ्याचे ओरखडे, टोचणारे खुंट, पूर्ण व सरळ मिशा दिसल्या तर शंका घ्यावी. गोल चट्टे व खवले असतील तर ते गजकर्णही असू शकते, आणि ते घरातील मुलांना लागते. डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

धंद्याची दुसरी बाजू

आमच्या वाचकांना मांजराच्या विक्रीबाबत धर्माचा प्रश्नही पडतो. मांजराची किंमत घेण्यास मनाई करणारी हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आली आहे. बहुसंख्य फकीहांनी पाळीव मांजराची खरेदी-विक्री जायज मानली आणि ही मनाई नापसंतीच्या किंवा रानटी मांजराच्या अर्थाने घेतली, तर काही विद्वान मनाईवर कायम राहिले. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना आधी विचारावे. मात्र मांजराला बांधून, उपाशी ठेवून मारणाऱ्या स्त्रीच्या शिक्षेविषयीच्या हदीसबाबत कोणाचेही दुमत नाही. घरात आणलेले जनावर ही अमानत आहे. हौस फिटली म्हणून बिनकेसाचे मांजर गल्लीत सोडणे म्हणजे त्याला मारणेच होय, कारण ते बाहेर जगू शकत नाही.

मग आपल्या कारागिराने काय करावे? जनावर विकण्यापेक्षा जनावराला लागणारी वस्तू बनवावी, असे आमचे मत आहे. सोने खोदणाऱ्यापेक्षा फावडे विकणारा सुखी असतो, तसेच हे आहे. थंडीत बिनकेसाच्या मांजराला बंडी लागते, आणि अंथरूण तर प्रत्येक पाळीव मांजराला लागते. बिनकेसाची मांजरे मोजकीच असतील, पण पर्शियन मांजरे पुष्कळ आहेत.

बंडीसाठी मऊ सुती होजिअरी कापड घ्यावे, ताणले जाणारे आणि एकदा धुऊन आटवलेले. मापे तीन : मान, छाती आणि पाठीची लांबी. शिलाईची कड बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे उघड्या कातडीला घासत नाही. बटणे, टिकल्या, जरी, लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत, मांजर ते चावून गिळते. रंग पक्का हवा आणि फिका हवा, म्हणजे तेलाचा डाग दिसतो व वेळेवर धुता येतो. काखेत जागा सैल ठेवावी. गिऱ्हाईकाला सांगावे की बंडी दिवसरात्र चढवून ठेवू नये आणि एकावर भागत नाही, तीन तरी हव्यात.

आपल्या शहराचे नाव हिमरूने झाले, म्हणून कोणी हिमरूची बंडी करू पाहील. ते करू नये. हिमरूच्या उलट्या बाजूला जादा बाण्याचे धागे मोकळे सुटलेले असतात, त्यात मांजराचे नख अडकते. हिमरू माणसाच्या खांद्यावरच शोभतो.

अंथरुणासाठी तर नवे कापडही लागत नाही. शिलाईच्या कारखान्यांतून निघणारी सुती कतरण आपण किलोच्या भावाने काढून टाकतो. तिची धुता येणारी छोटी गोधडी आपल्या घरातील स्त्रिया सहज शिवू शकतात. वर काढता येणारी खोळ असावी, म्हणजे फक्त खोळ धुतली की काम झाले.

एक व्यापारी सूचना. जनावरांचे कपडे करवर्गवारीत तयार कपड्यांच्या ६१ व ६२ व्या प्रकरणांत येत नाहीत. कुत्र्याचे कोट व तत्सम वस्तू ४२०१ या शीर्षकाखाली, म्हणजे खोगीर व पट्ट्यांच्या वर्गात धरल्या जातात. म्हणून कपड्याचा जीएसटी दर गृहीत धरून बिल फाडू नये. आपल्या कर सल्लागाराकडून चालू दर विचारून घ्यावा.

ज्याला बिनकेसाचे मांजर हौसेनेच पाळायचे आहे, वेळ आहे आणि पैसाही आहे, त्याने जरूर पाळावे, पण वरचा हिशेब एकदा कागदावर मांडून आणि घरात कोण त्याला दर आठवड्याला आंघोळ घालणार हे ठरवून. आणि ज्याच्या हातात मशीन घेण्यापुरतेच पैसे आहेत, त्याने मशीनच घ्यावे. एका मशीनवर पन्नास मांजरांच्या गोधड्या शिवून होतात, आणि मशीनला उन्हाळा बाधत नाही.